ऐकणारं माणूस मढला कधी पोचणार?

कल्याणहून माळशेज घाट चढून वर आले की पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसू लागते आणि थोड्याच वेळात मढ लागते. पावसाळ्यात धबधबे पाहायला आलेल्या गाड्या या रस्त्याने भरभरून जातात. रस्त्यापासून आत, जुन्नर तालुक्याच्या या आदिवासी पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवर, एखाद्या बाईला महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, चुलीपुढे बसल्या बसल्या रडू येत असेल, तर तिने कोणाकडे जायचे? घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी झाले असेल, भगताला दाखवू. नवरा पिऊन मारत असेल तर चार जाणती माणसे बसतात आणि संसारात भांड्याला भांडे लागायचेच, जुळवून घे, असे सांगून उठतात. येरवड्याचे मनोरुग्णालय इथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि त्याचे नाव काढले तरी लग्नाच्या पोरींची स्थळे मोडतील अशी भीती असते.

ही अवस्था मढचीच आहे असे नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की नैराश्य, चिंता यांसारखे नेहमी आढळणारे विकार असलेल्या दर शंभरांतल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत. डॉक्टरांची संख्या वाढवून एवढी मोठी दरी लवकर बुजणार नाही. म्हणूनच एका अशा परंपरेकडे पाहायला हवे, जिच्याकडे मराठी समाजाने फारसे लक्ष दिलेले नाही. ती म्हणजे ख्रिस्ती समुपदेशनाची परंपरा. तिच्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि टाकण्यासारखेही आहे.

वसई-मुंबईच्या कॅथलिक समाजात लग्न ठरले की मुलामुलीला विवाहपूर्व शिबिराला बसावे लागते. पैशाचा हिशेब कोणी ठेवायचा, सासू-सासऱ्यांशी कसे वागायचे, शरीरसंबंधाविषयी मोकळेपणाने कसे बोलायचे, मूल कधी हवे, भांडण झाल्यावर अबोला किती ताणायचा, हे सारे तिथे उघडपणे बोलले जाते. बोलणारे एकटे धर्मगुरू नसतात. डॉक्टर असतात, संसार केलेली जोडपी असतात. मुंबईच्या आर्चडायोसिसचे माहीमचे स्नेहालय केंद्र अशा शिबिरांबरोबर संसारात अडचणी आल्यावरही जोडप्यांना आधार देते. चर्चमध्ये तीन रविवारी वधूवरांची नावे वाचली जातात आणि कोणाला काही हरकत असेल तर ती आधीच पुढे येते. आपल्याकडे लग्नाच्या हॉलवर आणि सोन्यावर लाखो रुपये जातात. पण उद्यापासून एका घरात राहणाऱ्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायला शिकवावे, हे कोणाच्या यादीतच नसते. ही एक रीत तरी सर्व समाजांनी बिनदिक्कत उचलावी.

पण विश्वास आणि संसार यांची खरी कसोटी पाहायची तर वसईच्या शिबिरापेक्षा नगरच्या एका जोडप्याकडे वळावे लागते. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरात लहान मुलगा. नातेवाइकांच्या लेखी नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला होता. लक्ष्मीबाई आधीच कोवळ्या मनावर बरेच काही झेलून आल्या होत्या. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने असे पछाडले की बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाई आणि सारे घर त्या धुण्याखाली भरडले जाई. आज एखादा मानसोपचारतज्ज्ञ त्या वागण्याला आजाराचे नाव देईल. तेव्हाच्या लोकांना तो कडक धर्माचार वाटला. नंतर तापट, लहरी, खिशात पैसा न ठरणारा नवरा. आणि त्यावर हे धर्मांतर.

त्या वेळी १८६६चा एक कायदा अमलात होता. जोडप्यातला एक जण ख्रिस्ती झाला आणि दुसऱ्याने त्या कारणावरून सहा महिने एकत्र राहायला नकार दिला, तर धर्मांतरिताला न्यायालयात जाऊन विवाह रद्द करून घेता येत होता. टिळकांना ती वाट मोकळी होती. त्यांनी ती घेतली नाही. पत्नीने आपल्या मागोमाग धर्म बदललाच पाहिजे असा हट्टही धरला नाही. पत्रे जात-येत राहिली. जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळे राहिले आणि मग लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्याही सुरुवातीला आपले सोवळे-ओवळे सांभाळूनच. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, या निष्कर्षाला त्या आपल्या विचाराने पोचल्या. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, मनाची तयारी झाल्यावर.

लक्ष्मीबाईंची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा मराठी वाचकाने त्यातल्या विनोदाला आणि सरळ भाषेला डोक्यावर घेतले. ते योग्यच होते. पण संसाराचा दस्तऐवज म्हणून ते पुस्तक आजही समुपदेशकाच्या टेबलावर असायला हवे. त्यात नवऱ्याचा संताप झाकलेला नाही, स्वतःचा हट्ट झाकलेला नाही आणि ज्या दिवसांत मन थाऱ्यावर नव्हते ते दिवसही झाकलेले नाहीत. दुसऱ्याच्या मनाला त्याचा वेळ द्यायचा, ओढून न्यायचे नाही, ही समुपदेशनातली सर्वात अवघड गोष्ट आहे. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. तरी या एका बाबतीत त्यांनी वाट पाहिली आणि संसार टिकला.

मात्र टिकलेला प्रत्येक संसार चांगला असतो, असे मानणे घातक आहे. या परंपरेची दुखरी नस इथेच आहे. क्षमा कर, सहन कर, देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, असे मार खाणाऱ्या बाईला सांगून तिला त्याच घरात परत पाठवणारे धर्मोपदेशक होऊन गेले आणि आजही आहेत. कायद्यानेही त्यांना बराच काळ साथ दिली. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पुरुषाला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. स्त्रीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोयच नव्हती. १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात या अन्यायावर बोट ठेवून त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि २००१मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. म्हणजे ख्रिस्ती बाईला हिंदू बाईच्या जवळपास येऊन बसायला स्वातंत्र्यानंतर अर्धशतक गेले.

चर्चची भाषाही बदलली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘अमोरिस लेतित्सिआ’ या कुटुंबविषयक पत्रात स्पष्ट म्हटले की हिंसा आणि सततचा छळ असेल तिथे वेगळे होणे अटळ ठरते, कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही असते. हे वाक्य प्रत्येक धर्मग्रामात मराठीतून वाचून दाखवले जावे. चार माणसे बसवून बाईला जुळवून घ्यायला लावणाऱ्या आपल्या गावकीनेही ते ऐकावे.

दुसरा वाद औषधाचा आहे. अमेरिकेतल्या जे अॅडम्स यांनी १९७०मध्ये मांडले की मनाच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ पापात आहे, बायबल पुरेसे आहे, मानसशास्त्राची गरज नाही. या विचाराला जगभर अनुयायी मिळाले. नैराश्याने खचलेल्या माणसाला तुझी श्रद्धा कमी पडते असे सांगितले की त्याच्या डोक्यावर आणखी एक अपराध बसतो. भगताने बाहेरचे झाले म्हणणे आणि पाळकाने प्रार्थना कमी पडली म्हणणे, यात रुग्णाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दोघेही त्याला दवाखान्यापासून दूर ठेवतात. पण याच धर्मात अँटन बॉइसन नावाचे पाळकही होऊन गेले. ते स्वतः तीव्र मानसिक आजाराने रुग्णालयात राहिले आणि बरे झाल्यावर १९२५मध्ये वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले, ते रुग्णांजवळ बसून शिकावे म्हणून. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातही आत्महत्येविषयी लिहिताना गंभीर मानसिक व्यथेने माणसाची जबाबदारी कमी होते, हे मान्य केलेले आहे.

आणि लंडनचे अँग्लिकन धर्मगुरू चॅड वारा. त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला होता. पाळी आली तेव्हा काहीतरी भयंकर रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला कोणी नव्हते. पुढे १९५३मध्ये त्यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. त्यांना भेटायला लोक येऊन बसत. तोवर आलेल्यांना चहा देणारे, चार शब्द बोलणारे साधे स्वयंसेवक होते. काही दिवसांत वारा यांच्या लक्षात आले की कित्येक जण त्या स्वयंसेवकांशी बोलूनच हलके होतात आणि आपल्याला न भेटता परत जातात. मग त्यांनी काम स्वयंसेवकांच्या हाती दिले. समरिटन्स ही संस्था त्यातून उभी राहिली. मुंबईतही तिचे काम चालते. तिथे फोन करणाऱ्याला धर्म विचारला जात नाही आणि उपदेशही केला जात नाही.

आपल्या शेजारी गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने हीच गोष्ट शास्त्राच्या कसोटीवर उतरवली. १९९६मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. तीव्र नैराश्याच्या रुग्णाशी सहा ते आठ वेळा बोलायचे. ऐकायचे, दिवसाची छोटी कामे ठरवून द्यायची, पुढच्या वेळी ती झाली का ते विचारायचे. ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांचे नैराश्य इतरांपेक्षा अधिक कमी झाले, आत्महत्येचे विचार कमी झाले आणि स्त्री-रुग्णांनी नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाल्याचे सांगितले. बाईचे मन सावरले की घरातही काही हलते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचित मिळेल.

मढला यातले काय शक्य आहे? पुष्कळ. आशाताई घरोघरी जातात. कोणती सून महिनाभर बाहेर दिसली नाही, कोणाच्या घरी रोज रात्री आवाज चढतो, हे त्यांना गावात सर्वांआधी कळते. त्यांना ऐकायचे आणि गुपित राखायचे रीतसर शिक्षण द्यावे आणि त्या कामाचा वेगळा मोबदलाही द्यावा. फुकटात आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर टाकू नये. आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस, दार लावून बसता येईल अशी एक खोली मिळावी. भगताला शत्रू ठरवण्यापेक्षा त्याच्या हाती दोन गोष्टी द्याव्यात: आठवड्याहून जास्त झोप नाही किंवा जीव देण्याची भाषा आली तर माणूस थेट दवाखान्यात, मारहाण असेल तर बाईला आधी सुरक्षित जागी. चर्च, मठ, भजनी मंडळ, ज्यांच्याकडे लोक मन मोकळे करायला जातात त्या सगळ्यांना हाच नियम लागू व्हावा. आणि जुन्नर तालुक्यात सामूहिक विवाह होतात, त्यांच्या आयोजकांनी मांडवाआधी वधूवरांसाठी अर्ध्या दिवसाचे एक शिबिर ठेवावे. वसईचे लोक ते कसे घेतात, हे विचारले तर ते आनंदाने सांगतील.

तोवर निदान दोन क्रमांक प्रत्येक शाळेच्या, रेशन दुकानाच्या आणि एसटी थांब्याच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत. १४४१६ हा टेली-मानसचा. ही सरकारी सेवा २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. दुसरा १८१, संकटातल्या महिलांसाठी.