काल काय बदललं होतं?

"लॅपटॉप आपोआप बंद पडला रे," हे हॉस्टेलमधलं एक नंबरचं खोटं आहे. ("पेपर सोपा गेला" दोन नंबरवर!) कोणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि ते सांगायची लाज वाटत असते. या वेळी ते मी केलं होतं.

रूममेटचा सेकंडहँड लॅपटॉप गोगलगायीसारखा चालायचा. ४ जीबी रॅम आणि त्यावर फायनल इयरचा प्रोजेक्ट. तो गावी गेला होता, म्हटलं सरप्राइज देऊ. पनवेलहून ८ जीबीची पट्टी आणली, स्क्रू काढले, रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली. बटण दाबलं. पंखा फिरतोय, लाइट लागलाय, स्क्रीन मात्र काळीकुट्ट! घाबरून नवी पट्टी काढली, जुनीही हलवून पाहिली, झाकण लावलं. तरी काळोखच. बाहेर नेऱ्याचा पाऊस कोसळतोय आणि आत मी घामाघूम.

रविवारी तो आला. मी म्हणालो, "काय माहीत, आपोआप बंद पडला." दुकानात नेला, तिथेही तेच सांगितलं. दुकानदाराने बटण दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. साडेसहा हजार." मित्राने घरी फोन लावला. त्याच्या आवाजावरून कळत होतं की पैशांची सोय सहज होणारी नाही. बुधवारी सबमिशन होतं. आणि मी गप्प!

शेवटी कॉलेजच्या लॅबमधल्या काकांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बंद पडायच्या आधी काय बदललं होतं?" मित्रासमोर सगळं ओकावं लागलं.

पुढचं काम दहा मिनिटांचं. चार्जर काढला, बॅटरी सुटी केली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. मग फक्त जुनी पट्टी तिरकी घालून खाली दाबली. दोन्ही क्लिपा 'टक्' वाजल्या आणि लॅपटॉप सुरू! मी हलवताना ती अर्धवट बसली होती, एवढंच.

मग नवीचं काय? जुन्या पट्टीवर पीसी३एल लिहिलेलं, नवीवर नुसतं पीसी३. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, 'एल'वाली १.३५ वर चालते आणि या लॅपटॉपला तीच लागते. दोन्हींची खाच सारखीच, म्हणून चुकीची पट्टीही मुकाट बसली. डीडीआर४ असती तर स्लॉटमध्ये गेलीच नसती. काकांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. प्रोजेक्ट डिस्कवर असतो, रॅममध्ये नाही, तेव्हा असल्या वेळी कोणी फॉरमॅट सुचवला तर ऐकू नका. आणि रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला, विशेषतः डीडीआर५ मध्ये, काही मिनिटं लागू शकतात. लगेच बटण दाबत सुटू नका.

आता मुद्द्याचं. दुकानदाराला मी नावं ठेवू शकतो, पण त्याला चुकीची माहिती मीच दिली होती. दोष शोधायची पहिली पायरी स्क्रूड्रायव्हर नाही, खरं बोलणं आहे. शेवटचा बदल सांगा, तो मागे घ्या, मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि सर, मॅडम, थोडं तुमच्याबद्दलही. आपल्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोग यशस्वी होतो! रीडिंग चुकलं की मार्क जातात, म्हणून आम्ही सीनियरचं जर्नल उतरवतो. चार वर्षं चूक लपवायची सवय लावून घेतलेला इंजिनिअर उद्या कारखान्यात ती एकदम कशी सांगेल? जर्नलमध्ये "काय चुकलं आणि कसं सापडलं" असा एक रकाना ठेवा आणि त्याला मार्क द्या. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये भंगारातले दोन लॅपटॉप ठेवा, आम्ही उघडून बघू. मुलं मोडतील म्हणता? ते मोडलेलेच आहेत की!

मित्र दोन दिवस बोलला नाही. सबमिशन झाल्यावर म्हणाला, "रॅमचं सोड रे. बाबांना फोन करत होतो तेव्हा तरी सांगायचंस."

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.