ताणावरचा उपाय गोव्याच्याच आरोग्य केंद्रांतून

आठवड्याला किती तास काम करावे, या प्रश्नावर देशात अधूनमधून वादळ उठते. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, असे मत मांडले. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा 90 वर नेला. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी मात्र आठवड्याची मर्यादा 48 तासच ठेवली. पाठोपाठ कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचे फोन व संदेश नाकारण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना मिळावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. या साऱ्या चर्चेच्या मुळाशी एकच चिंता आहे. माणसाच्या शरीरमनावर पडणारा ताण किती सोसण्याजोगा आहे, आणि तो हलका कसा करायचा?

ही चिंता निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 55 तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी अधिक असतो. 2016 या एका वर्षात दीर्घ कामाच्या तासांमुळे जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू झाले, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. ताण ही केवळ मनाची तक्रार नसून ती रक्तदाबात, झोपेत आणि हृदयाच्या ठोक्यात उतरणारी गोष्ट आहे.

गोव्याबाहेरच्यांना हा विषय गोव्याशी संबंधित वाटत नाही. ‘सुशेगाद’ हा शब्द आपल्यावर कायमचा चिकटवला गेला आहे. पोर्तुगीज भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ निवांत, शांत असा. पर्यटनाच्या जाहिरातींनी तो इतका वापरला की गोमंतकीय माणसाला ताण नसतोच, अशी समजूत रूढ झाली. वस्तुस्थिती वेगळी आहे. डिसेंबरात देशोदेशीचे लोक येथे विसाव्याला येतात, तेव्हा हॉटेलातील कर्मचारी, टॅक्सीचालक, स्वयंपाकी आणि सफाई कामगार यांची वर्षातील सर्वांत दमवणारी पाळी सुरू असते. जहाजावर नोकरी करणारा घरापासून महिनोन्महिने दूर असतो. मागे राहिलेली त्याची पत्नी वृद्ध सासूसासऱ्यांचे आजारपण आणि मुलांचा अभ्यास एकटी सांभाळते. 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकाचे हप्ते थकलेल्या कुटुंबांनी काय सोसले, हे सत्तरी, डिचोली, सांगे भागातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. दुपारी दुकान बंद करून घटकाभर पडण्याची जुनी रीतही शहरांतून हळूहळू आक्रसत चालली आहे.

अशा वेळी ताण घालवण्याचे सल्ले मात्र उदंड मिळतात. महागडी निवासी शिबिरे, सुगंधी तेले, मासिक वर्गणीची ध्यान-ॲप यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. त्यातील सर्वच निरुपयोगी आहे, असे नाही. परंतु ज्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहेत, त्यालाच ते परवडते; आणि शिबिरातून परतलेल्या माणसाला सोमवारी तेच कार्यालय, तोच हप्ता आणि तेच घर सामोरे येते. ताण रोजच्या जगण्यात निर्माण होत असेल, तर त्यावरचा उपायही रोजच्या जगण्यातच सापडला पाहिजे.

असा उपाय शोधण्याचे जगभर नावाजलेले काम गोव्यातच झाले, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगथ’ ही संस्था स्थापन केली. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि गरजू असंख्य, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून हे काम होऊ शकेल का, याची त्यांनी शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, नैराश्याने बऱ्यापैकी ग्रासलेल्या 495 प्रौढांचा त्यात समावेश होता. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन मिळाले, दुसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील 64 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या बैठकांत गूढ असे काही नव्हते. मन उदास झाले की माणूस हालचाल कमी करतो, भेटीगाठी टाळतो, आवडीची कामे सोडतो. त्यामुळे उदासी आणखी वाढते. हे चक्र उलटे फिरवायचे, एवढेच त्यामागील तत्त्व. मन ताळ्यावर येण्याची वाट न पाहता आधी एक लहान कृती करायची, तिची वेळ ठरवायची, आणि अडचणींचे लहान तुकडे करून एकेक सोडवायचा. नैराश्य हा आजार आहे आणि रोजचा ताण हा आजार नव्हे, हा भेद ध्यानात ठेवायलाच हवा. तरीही जे तत्त्व आजारातून वर येण्यास साहाय्य करते, ते आजारापर्यंत जाऊ नये म्हणूनही वापरता येते.

समजा, म्हापशातील एक लेखनिक आहे. घरकर्जाचा हप्ता, आईचे गुडघ्याचे दुखणे, मुलीची दहावी आणि वरिष्ठांचे रात्रीचे संदेश या साऱ्यांचा त्याच्या डोक्यात एकच गोळा झाला आहे. त्याने रात्री अंथरुणावर विचार करण्याऐवजी सायंकाळी कागद घेऊन या गोष्टी तीन रकान्यांत मांडाव्यात: जे माझ्या हाती आहे, ज्याला दुसऱ्याची मदत लागेल, आणि जे कोणाच्याच हाती नाही. हप्त्याची मुदत वाढवण्यासाठी बँकेत विचारणे पहिल्या रकान्यात येते; आईला डॉक्टरांकडे नेण्याची पाळी भावाबरोबर वाटून घेणे दुसऱ्यात; मुलीला किती गुण पडतील, हे तिसऱ्यात. पहिल्या रकान्यातील एकच काम निवडून त्यापुढे वार आणि वेळ लिहावी. चिंता नाहीशी होत नाही, पण तिला आकार येतो. आकार आलेली चिंता वाहून नेणे सोपे जाते.

मनाइतकीच शरीराची बाजू महत्त्वाची आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. त्यासाठी मिरामारचा किनाराच हवा असे नाही, बसथांब्यापासून घरापर्यंतची वाटही पुरते. रागाच्या किंवा धास्तीच्या क्षणी सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडण्याची सवय लावावी. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीरशास्त्र आहे. झोपण्याची व उठण्याची वेळ शक्यतो एकच असावी आणि फोन उशाशी नसावा.

येथे एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. दिवसभराचा शीण घालवण्यासाठी संध्याकाळी एखादा पेला, हे समर्थन आपल्या समाजात सहज स्वीकारले जाते. मद्याने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते आणि दुसऱ्या दिवशीची चिडचिड वाढते. वर उल्लेखिलेल्या संशोधन प्रकल्पाचा दुसरा भाग अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांच्या समुपदेशनाचाच होता, यातून या प्रश्नाचे गांभीर्य समजावे.

आणखी एक उपाय आपल्याकडे परंपरेने आहे आणि तो म्हणजे माणसांचा सहवास. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह साथीच्या संकटात सुरू झाल्याचे सांगतात. भयाच्या काळात लोकांनी एकत्र येऊन अखंड भजनाचा आधार घेतला, ही गोष्ट श्रद्धेच्या पलीकडेही अर्थपूर्ण आहे. देवळातील भजन, जत्रेच्या नाटकाची तालीम, चर्चमधील लादाईन, मैदानावरचा फुटबॉल या ठिकाणी माणूस कोणाचा कर्मचारी किंवा ग्राहक नसतो. आठवड्यातून एक संध्याकाळ अशा ठिकाणी घालवणे म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे.

तथापि, या साऱ्या उपायांना एक समान अट आहे. त्यांना वेळ लागतो, आणि अनेकांपाशी तोच नाही. सलग दोन पाळ्या करणाऱ्या वेटरला नियमित झोपेचा सल्ला देणे ही थट्टा ठरते. म्हणून ताण कमी करण्याची जबाबदारी एकट्या व्यक्तीवर ढकलून मालक आणि शासन यांना मोकळे होता येणार नाही. ठरलेली साप्ताहिक सुट्टी हंगामातही मिळणे, पाळ्यांचे वेळापत्रक आधी कळणे, रात्रीच्या संदेशांना सकाळी उत्तर देण्याची मुभा असणे, यांसाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

शासनाकडून अपेक्षाही अवास्तव नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळवण्याचा हक्क दिला आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावले. ज्या राज्याच्या आरोग्य केंद्रांत समुपदेशनाची पद्धत सिद्ध झाली, त्या राज्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक कायमस्वरूपी असावा, ही मागणी गोमंतकीयांनी आवर्जून केली पाहिजे. संशोधन येथे झाले आणि त्याचा लाभ जगाने घेतला, एवढ्या अभिमानावर आपण थांबता कामा नये.

घरचे उपाय अपुरे पडण्याची वेळही ओळखावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप आणि भूक हरपली, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांकडे जाण्यात संकोच करू नये. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाची ‘टेलि मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे, आणि बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. तिच्या दाराशी जाणे म्हणजे वेडाचा शिक्का, ही समजूत आता टाकून द्यायला हवी.

सुशेगाद या शब्दाचा मूळ आशय आळस नव्हता. काम आटोपल्यावर मनाला लाभणारी स्वस्थता, असा तो होता. ती स्वस्थता पर्यटकाला विकताना ती निर्माण करणाऱ्या माणसाच्या वाट्यालाही थोडी आली पाहिजे. त्याची सुरुवात कागदावरच्या तीन रकान्यांपासून आणि संध्याकाळच्या अर्ध्या तासापासून करता येते. उरलेले मात्र सर्वांनी मिळून मागावे लागेल.