१९० तलवारी

कलोडनची लढाई तासभरही चालली नाही. १६ एप्रिल १७४६. माळावरचा धूर विरला आणि सरकारी फौजेचा सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंड याच्या माणसांनी हरलेल्या हायलँड बंडखोरांची पडलेली हत्यारे गोळा करून मोजली. बंदुका भरल्या २,३२०. तलवारी १९०. मोजदाद विजेत्याची आहे, तिच्यात काव्य नाही. दर बारा बंदुकांमागे एक तलवार, एवढेच ती सांगते.

आता स्कॉटलंडमधल्या एखाद्या मोठ्या संग्रहालयात जावे. एडिंबराचे राष्ट्रीय संग्रहालय, तिथल्या किल्ल्यातले युद्धसंग्रहालय, ग्लासगोचे केल्व्हिनग्रोव्ह, कुठलेही चालेल. तिथे हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला लढवय्या, भेटतो तो तलवारीसकट. जाळीदार पोलादी मूठ, तिच्या आत तांबडे अस्तर, रुंद पाते. शेजारी कातड्याने मढवलेली, पितळी खिळे ठोकलेली गोल ढाल. खाली लांब खंजीर. रणांगणावरचे प्रमाण काचेच्या कपाटात शिरता शिरता उलटे झालेले असते.

बंदुकांना तिथे जागाच नाही, असे नाही. पण जागा मिळालेली अग्निशस्त्रे कोणती, ते पाहावे. बहुतेक ती डून गावची पिस्तुले असतात. थॉमस कॅडेल नावाचा कारागीर १६४६ मध्ये तिथे येऊन राहिला आणि त्याच्या घराण्याने व शागिर्दांनी दीडएकशे वर्षे हा धंदा चालवला. पिस्तूल आख्खे धातूचे, लाकूड नावाला नाही. दस्त्याचे टोक मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले. त्या दोन शिंगांच्या मध्ये फिरवून काढायची सुई, कानातली काजळी साफ करायला. चापाला कडे नाही, नुसते बोंड. अंगावर चांदीचे नक्षीकाम. ही पिस्तुले फार सुंदर आहेत, यात वाद नाही. पण ती लढणाऱ्या माणसाइतकीच नजराणा देणाऱ्या माणसाच्याही उपयोगाची होती. म्हणजे बंदुकीच्या जातीतलेही जे कपाटात आले, ते दागिन्याच्या रूपात आले. २,३२० मधली साधी, लांब नळीची, फ्रेंच कारखान्यातली बंदूक कोपऱ्यात असते. काही ठिकाणी तेवढीही नसते.

यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले आहे. हायलँडरांची चढाईची रीतच अशी की, जवळ जायचे, एकदा बार काढायचा, बंदूक टाकायची आणि तलवार उपसून धावायचे. मग माळावर बंदुकाच सापडणार. शिवाय पळणाऱ्याने तलवार बरोबर नेली असेल, आणि जिंकलेल्या शिपायानेही एखादी चांगली मूठ दिसताच ती मोजणाऱ्याच्या हाती लागू दिली नसेल. हे सगळे मान्य करू. तलवारींचा आकडा तिप्पट करू. तरी तो ६०० च्या आत राहतो. आणि बंदूक टाकून धावण्यासाठीही आधी हातात बंदूक असावी लागते.

जमिनीनेही साक्ष दिली आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून पुरातत्त्वज्ञांनी कलोडनचा माळ धातुशोधक यंत्रांनी पिंजून काढला. तिथे ब्रिटिश गोळीपेक्षा लहान मापाच्या गोळ्याही मिळाल्या. त्या फ्रेंच बंदुकांच्या. म्हणजे बंडखोरांच्या बाजूनेही गोळीबार झाला, आणि लोकांना वाटत आले होते त्यापेक्षा अधिक झाला. हे निष्कर्ष आता कलोडनच्याच अभ्यागत केंद्रात मांडलेले आहेत, हे त्या केंद्राच्या बाजूने नोंदवायला हवे.

तलवारी कमी का पडल्या, याचे कारणही लपलेले नाही. खुद्द बंडाचा पुढारी, गादीचा स्टुअर्ट दावेदार राजपुत्र चार्ल्स, याची कल्पना तलवारीचीच होती. १७४५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सहून निघण्यापूर्वी त्याने बापाला पत्र लिहिले आणि खरेदीचा हिशेब दिला: १,५०० बंदुका, १,८०० रुंद तलवारी. तलवारी जास्त! माल चढला एलिझाबेथ या जहाजावर. वाटेत ब्रिटिश नौदलाच्या लायनशी तिची गाठ पडली, दोन्ही जहाजे खिळखिळी झाली आणि एलिझाबेथ सगळे घेऊन ब्रेस्टला परतली. राजपुत्र दुसऱ्या जहाजाने पोचला, तो जवळजवळ रिकाम्या हाताने. पुढे प्रेस्टनपॅन्सला सरकारी फौज पाव तासात उधळली आणि तिच्या बंदुका बंडवाल्यांच्या हाती आल्या. नंतर फ्रान्सहून आणि स्पेनहून आणखी येत गेल्या. मोहीम जसजशी लांबली, तसतशी ही फौज बंदुकीची होत गेली.

तलवार कोणाच्या हाती होती, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ती पहिल्या रांगेत होती. पहिल्या रांगेत कुळातली मातब्बर मंडळी उभी राहत: सरदाराचे नातलग, जमिनीचे मोठे पट्टेदार. पिढीजात मूठ, परदेशी पाते, ढाल आणि पिस्तुलांची जोडी हा थाट त्यांना परवडणारा होता. मागच्या रांगांत त्यांची जमीन कसणारी कुळे. त्यांतल्या कित्येकांना घराचे छप्पर जाळण्याची धमकी देऊन बाहेर काढलेले. बरोबर अँगस आणि ॲबर्डीनशायरकडचे पुष्कळ लोक, ज्यांचा डोंगराशीही फारसा संबंध नव्हता. त्यांना मिळाली ती वाटपाची बंदूक. संग्रहालयात 'हायलँड योद्धा' म्हणून जो उभा केला जातो तो पहिल्या रांगेतला आहे. बाकीच्या रांगा पाटीत नाहीत.

आणि टिकले काय, हेही त्याच हिशेबाने ठरले. शस्त्रबंदीचा कायदा १७१६ मध्ये लागू झाला, १७२५ मध्ये पुन्हा आला, १७४६ मध्ये आणखी कडक झाला. पहिल्या वेळी जमा केलेल्या हत्यारांना सरकार भरपाई देत होते. तेव्हा लोकांनी गंजके, मोडके सामान आणून दिले. त्यातले बरेच हॉलंडहून त्याच कामासाठी मागवले होते, अशी तक्रार जनरल वेडने केली आहे. चांगली तलवार गवताच्या छपरात गेली आणि पुढे नातवाकडे आली. वाटपाची बंदूक कोण लपवील? तिला घराणे नव्हते. ती जप्त झाली आणि संपली. अपवाद आहे, पण तो नियमच पक्का करतो. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने ॲबट्सफर्डच्या आपल्या घरात रॉब रॉयची लांब बंदूक जपली. बंदुकीला नामांकित मालक मिळाला की तिलाही भिंत मिळते.

पण एवढ्याने उलगडा होत नाही. नुसत्या टिकण्याच्या योगायोगाने प्रमाण असे फिरत नाही. तलवार दोन्ही बाजूंना हवी होती.

आधी जिंकलेल्यांना. डेव्हिड मोरियेने काढलेले या लढाईचे चित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. मोरिये कंबरलंडच्या आश्रयाचा चित्रकार. चित्रात डावीकडून गुडघ्यापर्यंतच्या चौकटीच्या कपड्यांतले लोक तलवारी आणि लांब दांड्याच्या कुऱ्हाडी उगारून कोसळत आहेत. समोर लाल कोटांची सरळ रांग, संगिनी लावलेली. एका बाजूला मध्ययुग, दुसऱ्या बाजूला शिस्त. कंबरलंडला हेच सांगायचे होते. समोरच्याच्या हातातही तसलीच बंदूक दाखवली असती, तर ही एका राज्यातल्या दोन फौजांची लढाई दिसली असती. शिवाय त्या लाल कोटांत खुद्द स्कॉट पलटणी होत्या, हेही आठवले असते. रानटी टोळीवर सुधारणेचा विजय दाखवायचा तर टोळीच्या हातात तलवार हवी.

मग हरलेल्यांना, किंवा हरलेल्यांच्या नातवंडांना. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरात आला. त्या स्वागताची मांडणी वॉल्टर स्कॉटची. कुळांचे प्रमुख चौकटीचे कापड पांघरून, जाळीदार मुठीच्या तलवारी लावून हजर झाले. राजाने स्वतः तोच वेश केला. हा राजा कंबरलंडच्या सख्ख्या भावाचा नातू, ही गोष्ट कोणाला बोचली नाही. ७६ वर्षांत बंडखोराचे हत्यार दरबारी पोशाखाचा भाग झाले होते. त्यालाही तलवारच लागत होती. फ्रेंच पैशाने आलेली बंदूक खांद्यावर घेऊन दरबारात उभे राहता येत नाही; त्यातून फ्रान्सशी हातमिळवणी आठवते, राजकारण आठवते. तलवारीतून फक्त शौर्य आठवते. विजेत्याने रानटी म्हणून दाखवलेली वस्तू नातवंडांनी शूर म्हणून उचलली. वस्तू तीच राहिली.

संग्रहालयाने हा सौदा तपासायला हवा होता. त्याऐवजी त्यावर पाटी लावली. पाटीवर लिहितात 'स्कॉटिश तलवार'. मूठ खरोखरच स्टर्लिंगची किंवा ग्लासगोची असते आणि तिथल्या कारागिरांचे काम थक्क करणारे आहे. पण पाते? ते बहुधा जर्मनीतल्या सोलिंगनचे. त्यावर नाव कोरलेले असते 'आंद्रेआ फेरारा'. हा सोळाव्या शतकातला इटालियन लोहार. तो मरून शंभर वर्षे झाली तरी सोलिंगनवाले त्याचे नाव पात्यांवर घालत राहिले, तेही अक्षरे कशीही जुळवून, कारण गिऱ्हाइकाला ते नाव हवे होते. राजपुत्र चार्ल्सची स्वतःची चांदीच्या मुठीची तलवार राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती मूठ लंडनच्या रौप्यकाराने १७४०-४१ मध्ये घडवली. आणि कलोडननंतर ही तलवार शत्रूच्या हाती लागली ती राजपुत्राच्या सामानात.

परदेशी पात्याने तलवारीचे स्कॉटिशपण जात नाही. फिरंग जपणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. मात्र मग हाच न्याय बंदुकीला का नाही? जर्मन पाते, इटालियन नाव आणि लंडनची चांदी मिळून स्कॉटिश वस्तू होते. दोन हजारांहून अधिक जणांनी त्या माळावर आणलेली बंदूक मात्र फ्रेंचच राहते आणि म्हणून 'स्कॉटिश शस्त्रे' या दालनात परकी ठरते. वापरणाऱ्यावरून वस्तूची ओळख ठरवायची की घडवणाऱ्यावरून, याचा नियम तलवारीसाठी एक आणि बंदुकीसाठी दुसरा आहे.

या आवडीची लागण फक्त तिकडचीच नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात असईला ७४ वी आणि ७८ वी या हायलँड पलटणी शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या साध्या शिपायाच्या कमरेची तलवार केव्हाच गेली होती. हातात होती बंदूक आणि संगीन. समोरून ७४ वीची जी चाळण झाली, ती मुख्यतः शिंद्यांच्या तोफखान्याने केली. आपल्या दालनांत मात्र मराठा लष्कर आजही भाला, पट्टा आणि तलवार यांतच उभे असते. शिंद्यांच्या गोलंदाजाचा पुतळा कोणाला आठवतो का, पाहावे.

एडिंबराला करण्यासारखे काम अवघड नाही. जाळीदार मुठीच्या तलवारीच्या त्याच कपाटात, त्याच उंचीवर, त्याच उजेडात एक फ्रेंच बंदूक ठेवावी. पाटीवर दोन आकडे घालावेत, २,३२० आणि १९०. त्या बंदुकीला स्कॉटिश म्हणायचे की नाही, यावर तज्ज्ञांची समिती बसेल. तलवारीच्या वेळी ती बसवावी असे कोणाला सुचले नव्हते.