वय झालं म्हणून बसवू नका

“आता वय झालं, जरा बसा की!” घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आपण इतक्या मायेनं सांगतो की त्यातलं नुकसान कुणाच्या ध्यानातच येत नाही. सून हातातली बादली काढून घेते, मुलगा भाजीची पिशवी आणतो, पूजेला पाटाऐवजी खुर्ची येते. वर्षभरात आजींना हातांचा रेटा दिल्याशिवाय उठता येईनासं होतं आणि खापर वयावर फुटतं.

वयानं ताकद घटते, हे खरंच. पण बसून राहण्यानं ती किती झपाट्यानं जाते! सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं स्नायूंचं वजन जवळपास एक किलोनं घटलं. हा अमेरिकेतला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला.

“गुडघे झिजलेत, व्यायामानं आणखी झिजतील.” गुडघा म्हणजे गाडीचा टायर नव्हे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात; सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि ते पोचायला हालचाल लागते. अचानक सूज आली, चालताना छातीत दुखलं, तर आधी डॉक्टर; त्यात वादच नाही. पण जुन्या गुडघेदुखीवर मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग आहे.

“आम्ही रोज बागेत फेऱ्या मारतो.” उत्तम, चालू ठेवा. पण तेवढं पुरत नाही. न्हाणीत पाय निसटला तर सावरतात ते पायांतलं बळ आणि तोल. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाखेरीज २ दिवस ताकदीचे आणि ३ दिवस तोलाचे व्यायाम सांगते.

उरला प्रश्न उशिराचा. बोस्टनमध्ये सरासरी नव्वदीच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली. १९९० साली निष्कर्ष छापून आला, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! गट लहान होता, पण १९९४ साली १०० वृद्धांच्या अभ्यासातही ताकद दुपटीहून अधिक झाली. व्यायाम सोडला की ती ओसरते, म्हणून खंड नको.

घरी सुरुवात करायची तर भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हवी तर बैठकीवर उशी घ्या. हात छातीशी धरून उठा आणि धपकन न बसता सावकाश खाली या. मग ओट्याला धरून टाचा उचला. आठ-दहा उठाबशा सहज जमू लागल्या की उशी काढून टाका. बैठक खाली जाईल आणि मांड्यांना पुन्हा काम लागेल.