गाणे आजोबांचे, आवाज कंपनीचा

यंदाच्या १७ एप्रिलला सकाळी आमच्या दारात सहा मुले आणि तीन मुली उभ्या होत्या. एकाच्या हातात लॅपटॉप, दुसऱ्याच्या हातात जुनी कॅसेट. "वकीलसाहेब, जयभीम. आमचं गाणं बंद पडलं."

ही मुले नागसेनवन परिसरातील वसतिगृहांत राहणारी. भीमजयंतीसाठी त्यांनी व्हिडिओ गाणे तयार केले आणि १३ तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला इंटरनेटवर टाकले. दोन दिवस ते गावोगावच्या मोबाईलवर फिरले, तिसऱ्या दिवशी उघडेनासे झाले. त्या जागी एका कॅसेट कंपनीची सूचना होती की, या ध्वनिमुद्रणाचा हक्क आमचा आहे. गाणे मात्र त्या नऊ जणांतल्याच एका मुलाच्या आजोबांचे! कालकथित आजोबा परभणी जिल्ह्यातले शाहीर. दिवसा मजुरी करायची आणि रात्री वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेब गायचे, हा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. २०१५ साली ते गेले. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गायला नातू. मग यात कंपनीचा काय संबंध, असा मुलांचा सवाल होता. तो ऐकून पहिल्यांदा आमचेही रक्त तापले.

पण वकिलाने तापून भागत नाही, कागद पाहावे लागतात. त्याआधी आम्ही व्हिडिओ पाहिला.

या मुलांनी जानेवारीपासून तयारी केली होती. वर्गणी जमली ११,४०० रुपये. त्यातले ४,००० रुपये गाणे रेकॉर्ड करण्यात गेले, बाकीचे भाडे, पोहे आणि चहा यांत. कॅमेरा म्हणजे दोन मोबाईल. आधी गाणे पक्के करायचे आणि मग ते स्पीकरवर लावून त्याबरोबर ओठ हलवत चित्रीकरण करायचे, ही रीत त्यांनी नेटवरच पाहून शिकून घेतली. त्यामुळे बसस्थानकाच्या गोंगाटातही कडवे निभावले, कारण तिथला आवाज घ्यायचाच नव्हता. एक कडवे ग्रंथालयात, एक वसतिगृहाच्या गच्चीवर, एक मजूर अड्ड्यावर. सूर्य उगवताना औरंगाबाद लेण्यांत एक दृश्य घ्यायचे ठरले होते. तिथे चौकीदाराने ट्रायपॉड पाहून अडवले. मुले चिडली. "आपलीच लेणी अन् आपल्यालाच बंदी?" चूक चौकीदाराची नव्हती. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूत असे चित्रीकरण परवान्याशिवाय करता येत नाही, अर्ज आधी करावा लागतो. आपला वारसा आहे म्हणून नियम माफ होत नाही. उलट, वारसा आपला आहे म्हणून तो नियम आपणच आधी पाळला पाहिजे.

पहिल्या संहितेत मुलींना काय काम होते? निळ्या साड्या नेसून मेणबत्त्या लावायच्या आणि शेवटी हात जोडायचे. एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने बैठकीतच विचारले, "मी काय फक्त मेणबत्तीच लावू का?" मुले गप्प झाली. पुढे दिग्दर्शन तिनेच केले आणि भाड्याने आणायच्या गाडीचे दृश्य तिनेच कापले. आम्हाला गाड्यांचे वा गॉगलचे वावडे नाही. बाबासाहेबांनी आम्हाला सूट घालायला शिकवले आहे. पण गाणे मजूर अड्ड्याचे आणि चित्र भाड्याच्या गाडीचे, हे तिला पटले नाही, ते बरोबरच होते.

व्हिडिओच्या सुरुवातीला पडदा काळा आहे. त्या अंधारात कॅसेटची खरखर आणि तिच्यातून आजोबांचा आवाज. ४० सेकंद तो एकटाच गातो. मग त्याच ओळीवर नातवाचा आवाज येतो आणि पडदा उजळतो. आमच्या अंगावर काटा आला. मात्र नेमके इथेच पाणी मुरत होते.

आजोबांच्या पेटीतून निघालेला स्टॅम्प पेपर १९९८ सालचा आहे. कंपनीने ३,००० रुपये देऊन आठ गाण्यांचे 'सर्व हक्क' घेतल्याचा मजकूर आणि खाली आजोबांची वेडीवाकडी सही. मुदत लिहिलेली नाही. ही मुदत न लिहिणे कंपनीला सोयीचे वाटले असेल, पण कायदा वेगळे सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर तो करार पाच वर्षांचा धरला जातो. १९९४ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या करारांना हे लागू आहे. म्हणजे शब्द आणि चाल २००३ सालीच आजोबांच्या घरी परत आली होती, घरात कोणालाही पत्ता नसताना! लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो, म्हणजे या गाण्याचा २०७५ अखेरपर्यंत.

ध्वनिमुद्रणाची गोष्ट वेगळी. कायद्याच्या लेखी ध्वनिमुद्रणाचा कर्ता हा त्याचा निर्माता असतो आणि प्रकाशनानंतर ६० वर्षे तो हक्क त्याचा. कॅसेट काढली कंपनीने. म्हणून नातवाने गायलेले गाणे घरचे, पण ते ४० सेकंद कंपनीचे. शब्द आजोबांचे, चाल आजोबांची आणि आजोबांचा गळा तेवढा कंपनीचा! मुलांना हे सांगताना आमची जीभ जड झाली. "आमचेच गाणे आहे" असे उत्तर ते त्या दिवशी धाडणार होते. ते आम्ही थांबवले. खोटा मुद्दा मांडून खरा हक्क गमवायचा नसतो.

हे एका शाहिराचे रडगाणे नाही. जलशांपासून कव्वालीपर्यंत, भीमराव कर्डकांपासून लोककवी वामनदादांपर्यंत या चळवळीने लाखो निरक्षर माणसांपर्यंत विचार पोहोचवला तो गाण्यातून. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या आमच्या आयांना बाबासाहेब गाण्यातून कळले. पण त्या गाण्यांचे कागद कोणी सांभाळले? आज कितीतरी व्हिडिओंच्या खाली 'गीत : पारंपरिक' असे लिहिलेले आम्ही पाहतो. पारंपरिक म्हणजे कोणाचे? भीमगीतांची परंपराच मुळी उण्यापुऱ्या शंभर वर्षांची. ते गीत लिहिणारा कोणाचा तरी बाप होता, आजा होता. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. शाहिरांचे झालेले नाही. भक्तिभावाने गाणे गायचे आणि गीतकाराचे नाव गाळायचे, याला आम्ही भक्ती म्हणणार नाही. ज्यांची नावे हजारो वर्षे पुसली गेली, त्यांनीच आपल्या कवीचे नाव पुसावे?

हे फक्त महाराष्ट्रात घडते असे नाही. २०२१ मध्ये तमिळ भाषेतील 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे जगभर गाजले. ते अरिवू या आंबेडकरी तरुणाने लिहिले आणि धी या गायिकेबरोबर गायले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आजीची आठवण त्याच्या मुळाशी आहे. त्याच वर्षी एका मासिकाने या गाण्याचा गौरव करताना मुखपृष्ठावर अरिवूलाच जागा दिली नाही. दिग्दर्शक पा. रंजित यांनी त्याबद्दल उघड जाब विचारला, तेव्हा कुठे देशभर चर्चा झाली. आमच्या परभणीच्या आजोबांसाठी जाब विचारायला कोण होते?

म्हणून व्हिडिओ करणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, कॅमेरा सुरू करण्याआधी एक कागद करा. गीत कोणाचे, चाल कोणाची, गायले कोणी, वाजवले कोणी, हे लिहा आणि सह्या घ्या. कवी हयात नसेल तर सर्व वारसांच्या घ्या, एकट्या मुलाच्या नव्हे. आमच्या या नातवाने वडिलांना विचारले होते, आत्यांना विचारलेच नव्हते! वारसा लेकींचाही असतो, हे हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांना आम्ही सांगावे काय? शब्द आणि चाल यांचे हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहा. गीतकार-संगीतकाराच्या मानधनाचा वाटा तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर सहसा सही करूनही सोडता येत नाही. नाव लावून घेण्याचा हक्क हक्कविक्रीनंतरही कायम राहतो, आता तो वारसांनाही बजावता येतो.

आणखी एक. या व्हिडिओला २,००० रुपये देणाऱ्या एका इच्छुक उमेदवाराने 'निर्माता' म्हणून स्वतःचे नाव फोटोसह टाकून घेतले. मुलांना वाटले, देणगीदार आहे, मान द्यावा. कायद्यात निर्माता म्हणजे पुढाकार घेऊन जबाबदारी पत्करणारा, आणि तो पुढाकार तर या नऊ जणांचा. उद्या वाद झाला तर पडद्यावरचे नाव त्या उमेदवाराच्या बाजूने बोलेल. ते आम्ही बदलायला लावले. उमेदवार रुसले आहेत.

पुढे मुलांनी ते ४० सेकंद कापले. धाकटी आत्या कल्याणला राहते, लग्नाआधी ती बापाच्या मागे कोरसला उभी राहायची. सह्यांसाठी नातू तिच्याकडे गेला तेव्हा तिने स्वयंपाकघरातच, टाळीच्या ठेक्यावर, त्या ओळी गाऊन दाखवल्या. दिग्दर्शिकेने मोबाईल पाठवलाच होता. आता काळ्या पडद्यावर आत्याचा आवाज येतो, मागे कुकरची शिट्टीही आहे, ती मुद्दाम ठेवली आहे. पाटीवर पहिले नाव आजोबांचे, दुसरे आत्याचे.

आजोबांच्या मूळ आवाजातील ते ४० सेकंद वापरू द्यावेत असे पत्र आम्ही कंपनीला पोस्टाने पाठवले आहे. पोच आली, उत्तर अजून नाही.