ऊन नको, पण उजेड हवाच

घरात किंवा कचेरीत ज्या अंधाऱ्या कोपऱ्याचे काहीच करता येत नाही, तिथे पामची कुंडी ठेवायची अशी आता रीतच पडून गेली आहे. पामला ऊन लागत नाही, हा त्यामागचा समज. तो अर्धाच खरा आहे. ऊन नको म्हणजे उजेड नको, असे नव्हे.

गोंयकाराला हे वेगळे सांगायला नको. कुळागरात कोवळ्या पोफळीला केळीची सावली देतात, पण तिला कोणी कोठीच्या खोलीत नेऊन लावत नाही! बाजारात ‘अरेका पाम’ म्हणून मिळते ती मुळी आपली पोफळ नव्हेच. ती मादागास्करची, आणि तिला खिडकीजवळचा भरपूर उजेड लागतो. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या रानात मोठ्या झाडांखाली वाढणारा पार्लर पाम कमी उजेड सोसतो. पण सोसणे वेगळे, पोसणे वेगळे.

आपला डोळा इथे फसतो. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, खोलीच्या कोपऱ्यात कित्येकदा शंभरही नसतो. डोळा जुळवून घेतो, पान जुळवून घेऊ शकत नाही. साठवलेल्या अन्नावर झाड काही महिने काढते. मग पाने पिवळी पडली की आपण पाणी वाढवतो. कमी उजेडात झाड पाणीही कमीच पिते, त्यामुळे मुळे कुजतात.

कलबुर्गी जिल्ह्यात अफजलपूर तालुक्यात करजगी आहे. त्या भीमाकाठच्या मुलखात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिकडच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाड, पण छताला उजेडासाठी साणे ठेवलेले. आपल्याकडे राजांगण. ऊन अडवावे आणि उजेड घ्यावा, हे दोन्हीकडच्या जुन्या गवंड्यांना कळत होते. आजच्या वातानुकूलित कचेऱ्यांत पडदे ओढून भरदिवसा ट्यूबलाइट जळतात.

पाम हवा शुद्ध करतो, असेही सांगतात. त्याचा आधार म्हणजे नासाचा १९८९ चा बंद पेटीतला प्रयोग. २०१९ मध्ये अशा प्रयोगांची फेरतपासणी झाली. साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असा हिशेब निघाला. त्यापेक्षा खिडकी उघडणे स्वस्त.

मला वाटते, प्रश्न केवळ कुंडीचा नाही. सुकलेला पाम बदलून नवा आणता येतो. त्याच कोपऱ्यात फायलींवर वाकून तीस वर्षे काढणाऱ्या माणसाचे काय? दुपारी दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र वाचता येत नाही, तिथे पाम ठेवू नये. आणि टेबलही.