सुरकुत्या पुरे!

पालखी पुण्यात येते त्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावर वारकरी जास्त की कॅमेरे जास्त, असा प्रश्न पडतो. आणि रात्री जे काही अपलोड होतं ते बघा. पांढरी मिशी, कपाळावर गंध, चेहराभर सुरकुत्या, मागचं सगळं ब्लर. आजोबा वेगळे, फोटो तोच! खाली कमेंट्समध्ये ‘भक्तीचा चेहरा’ वगैरे. दुसऱ्या दिवशी त्यातला एक तरी चेहरा आठवतो का? मला तरी नाही.

कारण साधं आहे. त्या फोटोत माणूस काही करतच नसतो. लांबून झूम लावली की चेहरा जवळ येतो, पण त्याचा सगळा संसार फ्रेमबाहेर जातो. खांद्यावरची पिशवी, शेजारी पाय चोळत बसलेली बायको, ज्याच्याशी बोलताना तो हसला तो चहावाला. बघणाऱ्याला डोकं चालवायला काही उरतच नाही. अनोळखी माणसाच्या फोटोत आपण का रेंगाळतो? हा काय करतोय, कुणाकडे बघतोय, आता काय होणार, हे कळून घ्यायचं असतं म्हणून. चेहरा अर्धाच दिसला तरी चालेल, पण हात दिसायला हवेत, हा माझा फंडा.

रघु राय यांचा १९९५चा चर्चगेट स्टेशनवरचा फोटो आठवा. शटर मुद्दाम हळू ठेवलेलं. त्यामुळे धावणारी गर्दी वाहत्या पाण्यासारखी धूसर झालीय आणि पेपरात डोकं खुपसलेली माणसं तेवढी ठळक. चेहरे धड दिसतसुद्धा नाहीत. तरी नजर हटत नाही, कारण लोकलच्या त्या गदारोळात कुणीतरी निवांत पेपर वाचतंय.

आता प्रॅक्टिकल. झूम घरी ठेवा. ३५ एमएमची लेन्स लावा आणि दोन-तीन पावलांवर जा. भीती वाटते, मान्य. म्हणून आधी माणूस नाही, जागा निवडायची. चांगला उजेड, मागे फार कचरा नाही, असा एक कोपरा पकडून अर्धा तास उभं राहायचं. पहिली दहा मिनिटं सगळे तुमच्याकडे बघतात. मग तुम्ही विजेच्या खांबासारखे होऊन जाता.

अजून एक युक्ती व्हिव्हियन मायर या बाईंची. शिकागोत लोकांची मुलं सांभाळायच्या आणि उरलेल्या वेळात रस्त्यावर फोटो काढायच्या. त्यांचं काम जगापुढे यायला लागलं २००७ नंतर, आणि २००९मध्ये त्या गेल्याही. त्यांचा रोलायफ्लेक्स पोटाशी धरून वरून खाली बघत वापरायचा कॅमेरा. तो डोळ्यांसमोर येत नाही, त्यामुळे समोरचा दचकत नाही. शिवाय खालून घेतल्यामुळे साधा माणूसही फ्रेममध्ये ऐटीत उभा दिसतो. हल्लीच्या उलगडणाऱ्या स्क्रीनच्या कॅमेऱ्यांवर हे सहज जमतं. करून बघा.

आता मुद्द्याचं. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते. तिथल्या एका गल्लीत मी अशीच उभी होते. एका एक्स्टेन्शन बोर्डावर पाच-सहा मोबाइल चार्जिंगला आणि राखणीला एक आजोबा, हातात टाळ. तो फोटो झकास आला. मग पार्क केलेल्या एका बुलेटपाशी एक मावशी थांबल्या. तुळशीवृंदावन खाली ठेवलं, आरसा स्वतःकडे वळवला आणि कनवटीच्या पाकिटातून लाल टिकली काढून कपाळावर लावली. मान तिरकी करून बघितली, काढली, पुन्हा नीट लावली. मी तीनदा क्लिक केलं. आरशात चेहरा, बाहेर फक्त हात आणि ती टिकली.

आवाज ऐकून त्यांनी वळून बघितलं. मी जवळ जाऊन स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघत राहिल्या.

“कुठं छापणार गं हे?”

“एका साप्ताहिकात, मावशी. चालेल ना?”

“नको बाई. मालक जाऊन सहा वर्षं झाली. गावात टिकली लावली तर बाया बोलत्यात. हितं कोण इचारतंय?” मग थोडं थांबून म्हणाल्या, “लिही पायजे तर. तोंड नको दावू.”

वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या सबवेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले. त्या फोटोंचं पुस्तक निघालं १९६६मध्ये. माझ्याकडे एवढा धीर नाही, आणि संपादकांकडे तर मुळीच नाही. त्यामुळे या पानासाठी मी पाठवला तो मोबाइल राखणाऱ्या आजोबांचा फोटो. त्यांनी आनंदाने परवानगी दिली, वर नातवाचा नंबर देऊन व्हॉट्सॲपवर मागवूनही घेतला. बुलेटच्या आरशातला फोटो त्याच्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

“मग डिलीट करू का, मावशी?” मी विचारलं होतं.

“कशाला? राहू दे तुझ्याकडं. बरी दिसतीया मी.”